अखेरच्या डावासाठी आठवड्याची एक चौकट

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी जॉर्जियातील बाटुमी येथे महिला बुद्धिबळ विश्वचषकाच्या अंतिम फेरीत कोनेरू हम्पी यांना टायब्रेकमध्ये हरवले आणि विश्वचषकाबरोबरच ग्रँडमास्टर किताबही मिळवला. तेव्हापासून आमच्या दारव्हा तालुक्यातील खेड्यांतही बुद्धिबळाचे पट दिसू लागले आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेत तेहतीस वर्षे गणित शिकवून मी निवृत्त झालो असलो, तरी पट मांडून बसणारा म्हातारा अशी माझी ओळख असल्याने पालक मुलांना घेऊन माझ्याकडे येतात. गेल्या हंगामात एक गृहस्थ कापसाची गाडी जिनिंगवर खाली करून परस्पर माझ्या ओसरीवर आले आणि म्हणाले, "सर, याला सिसिलियन शिकवा." मुलगा नऊ वर्षांचा होता. एकट्या राजाला हत्तीने मात कशी करतात, हे त्याला ठाऊक नव्हते. पण सिसिलियन बचाव नावाच्या सुरुवातीच्या पहिल्या अकरा चाली त्याने मोबाइलवर पाहून घोकल्या होत्या, आणि बाराव्या चालीला काय करायचे असे विचारताच तो वडिलांच्या तोंडाकडे पाहू लागला.

आपल्या दैनिकात बुद्धिबळाच्या स्पर्धांच्या बातम्या येतात आणि अधूनमधून 'दोन चालींत मात' या प्रकारचे कोडेही येते. दोन्हींबद्दल मी आभारीच आहे. तरीही दर आठवड्याला एक छोटी चौकट अखेरच्या डावाच्या रचनांसाठी, म्हणजे जिला खेळाडू 'एंडगेम स्टडी' म्हणतात तिच्यासाठी द्यावी, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पत्र थोडे लांबणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

दोन चालींत मात देण्याच्या कोड्यात पट बहुधा गच्च भरलेला असतो आणि मोहरे अशा जागी उभे असतात की खऱ्या डावात ते तिथे कसे पोचले असतील, असा प्रश्न पडावा. अखेरच्या डावाची रचना मात्र खेळून दमलेल्या दोघांच्या पटासारखी दिसते. दोन राजे, एखादा हत्ती, एक-दोन प्यादी, आणि खाली एवढेच लिहिलेले असते की पांढऱ्याची चाल आहे, पांढरा जिंकतो. किंवा पांढरा डाव बरोबरीत सोडवतो. किती चालींत, ते सांगितलेले नसते. मोहरे इतके थोडे असल्यामुळे पट जवळ नसला तरी चालते, आणि खेड्यातल्या माणसाच्या दृष्टीने ही मोठीच सोय आहे. रब्बीत हरभऱ्याला पाणी द्यायचे म्हणजे पंपाची लाइन ज्या पाळीत येईल त्या पाळीला जावे लागते, आणि ती पाळी पुष्कळदा मध्यरात्रीची असते. घोंगडे पांघरून, टॉर्च मांडीवर ठेवून धुऱ्यावर बसावे, रानडुकरांसाठी मधूनच हाकारा घालावा आणि लाइनची वाट पाहावी. अशा वेळी पाच-पंचवीस मोहऱ्यांचा डाव डोक्यात मावत नाही, चार मोहऱ्यांचा मावतो. अगदीच अडले, तर ओल्या मातीत काडीने आठ-आठ घरे ओढून दोन खडे आणि सरकीचे दोन दाणे मांडता येतात.

यातील एका जगप्रसिद्ध रचनेचा जन्मच मुळी वर्तमानपत्रात झाला, आणि त्यात वाचकाचा वाटा होता. आपल्याला लिहिण्याचे धाडस मी त्या आधारावरच करीत आहे. १८९५ सालच्या मे महिन्यात स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे एका साप्ताहिकाचे बुद्धिबळाचे सदर बार्बिये नावाचे गृहस्थ चालवीत असत. वीस वर्षांपूर्वी लंडनमध्ये झालेल्या एका डावाची अखेर त्यांना आठवली आणि तिच्यात थोडा बदल करून त्यांनी ती कोडे म्हणून छापली. पांढऱ्याजवळ राजा आणि वजीर होण्याच्या बेतात असलेले एक प्यादे, काळ्याजवळ राजा आणि हत्ती. काळा बरोबरी साधतो, असे त्यांचे म्हणणे होते. पुढच्या आठवड्यात उत्तरही छापून आले. त्या शहरात राहणाऱ्या फर्नांडो साव्हेद्रा या स्पॅनिश धर्मगुरूंनी ते वाचले आणि संपादकांना कळवले की बरोबरी नाही, पांढरा जिंकतो. बार्बिये यांनी आणखी एका आठवड्यात आपली चूक आणि साव्हेद्रा यांची चाल दोन्ही छापली. साव्हेद्रा फार मोठे खेळाडू नव्हते. आज त्यांचे नाव बुद्धिबळाच्या इतिहासात आहे ते या एका चालीमुळे.

ती चाल सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. घरांची नावे नेहमीचीच: पांढऱ्याच्या बाजूने पाहता उभ्या रांगा डावीकडून ए ते एच आणि आडव्या ओळी खालून १ ते ८. आज ही रचना ज्या रूपात छापतात, त्यात पांढरा राजा बी६ वर व प्यादे सी६ वर, काळा राजा ए१ वर व हत्ती डी५ वर असतो, आणि पहिली चाल पांढऱ्याची असते. प्यादे सी७ वर जाते आणि हत्ती डी६ वरून शह देतो. राजाने सी५ वर पाऊल ठेवले तर हत्ती डी१ वर उतरतो, आणि प्याद्याचा वजीर होताच सी१ वरून शह देऊन तो वजीर मारतो. राजा बी७ वर चढला, तर हत्ती डी७ वर येऊन प्यादे जखडून टाकतो. म्हणून राजा बी५ वर उतरतो. हत्ती डी५ वरून शह देतो, राजा बी४. हत्ती डी४, राजा बी३. हत्ती डी३, आणि आता राजा सी२ वर येतो. मागून शह देण्याची वाट अशी बंद झाल्यावर पाहणाऱ्याला वाटते की संपले. इथे काळ्याची खरी करामत आहे. हत्ती पुन्हा डी४ वर जातो, आणि पांढऱ्याने हौसेने वजीर केला की सी४ वर जाऊन शह देतो. वजिराने तो हत्ती मारला की काळ्या राजाला हलायला घर उरत नाही आणि शहही नसतो, म्हणजे स्टेलमेट, डाव बरोबरीत. बार्बिये इथे थांबले होते. साव्हेद्रा यांनी प्याद्याचा वजीर केलाच नाही, हत्ती केला. आता सी४ वरच्या शहाला अर्थ उरत नाही, आणि नवा हत्ती ए८ वर जाऊन मात करण्याची धमकी मात्र उभी राहते. ती थोपवायला काळ्या हत्तीला ए४ वर जावेच लागते. पांढरा राजा बी३ वर सरकतो, आणि त्या एका पावलाने हत्तीही माराखाली येतो व सी१ वर मातही दिसू लागते. दोन्ही एकदम वाचवता येत नाहीत.

ही रचना मी किती मुलांना दाखवली असेल, त्याचा हिशेब नाही. वजीर समोर असताना हत्ती मागून घ्यायचा, हे कळल्यावर प्रत्येक मूल आधी हसते आणि मग पटावर ओणवे होऊन पुन्हा पहिल्यापासून चाली खेळून पाहते.

आता माझी तक्रार. तीही वर्तमानपत्री कोड्यांविषयीच आहे. काही वर्षांपूर्वी एका नियतकालिकात, त्याचे नाव घेण्याची गरज नाही, प्रसिद्ध खेळाडू रिचर्ड रेटी यांची १९२१ सालची रचना छापून आली. तिची मूळ स्थिती अशी: पांढरा राजा एच८ वर, प्यादे सी६ वर, काळा राजा ए६ वर, प्यादे एच५ वर, पांढऱ्याची चाल, बरोबरी. काळे प्यादे सुटलेले आहे आणि पांढरा राजा त्याच्या दोन पावले मागे आहे. स्वतःच्या प्याद्यापासून तर तो कितीतरी लांब आहे. काहीच हाती लागणार नाही असे दिसते. पण राजा तिरपा चालतो, जी७, एफ६, ई५ असा, आणि प्रत्येक पावलाने एकाच वेळी दोन्हीकडे जवळ जातो. काळ्याने पांढरे प्यादे मारण्यात चाली घालवल्या, तर हा उलट फिरून काळे प्यादे पकडतो. काळ्याने प्यादे पळवले, तर हा डी६ गाठून आपले प्यादे पुढे काढतो आणि दोघांचेही वजीर होतात. शेतात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत धुऱ्याधुऱ्याने चालणे आणि मधून वळसा घेत जाणे यांत अंतराचा फरक पडतो, पटावर राजाला तो पडत नाही. एच८ पासून एच१ पर्यंत सरळ उतरले तरी सात चाली, आणि ई५ वरून वाकडे गेले तरी सातच. गणिताच्या तासाला 'अंतर म्हणजे काय' हे शिकवायला मला यापेक्षा चांगले उदाहरण सापडले नाही.

त्या नियतकालिकात मात्र चारही मोहरे एकेक ओळ खाली छापले गेले होते. राजा एच७, प्यादे सी५, काळा राजा ए५, प्यादे एच४. मला रचना पाठ असल्याने मी आकृतीकडे नीट पाहिलेसुद्धा नाही. अंक मुलांच्या हाती दिला आणि आठवडाभराची मुदत दिली. सातवीतली एक मुलगी तिसऱ्या दिवशी आली आणि म्हणाली, "हा डाव बरोबरीत नाही सुटत जी, सर." मी तिला, सांगायला लाज वाटते, रागावलो. म्हटले, शंभर वर्षांपासून जग सोडवत आले आहे, तुला नाही सुटत म्हणजे तू नीट पाहत नाहीस. ती गप्प बसली आणि वही पुढे केली. वहीत लिहिले होते की राजा दोन पावले टाकेपर्यंत काळे प्यादे एच२ वर पोचलेले असते, आपले प्यादे अजून सी५ वरून हललेलेही नसते, आणि पुढच्या चालीला काळ्याचा वजीर होतो. आधी प्यादे हलवले, तर काळा राजा बी६ वर येऊन ते अडवतो आणि आपला राजा काळ्या प्याद्याला गाठू शकत नाही. तिने दोन पाने भरून प्रत्येक फाटा तपासला होता. मूळ रचनेत काळ्या प्याद्याला वजीर व्हायला चार चाली लागतात आणि पांढऱ्याला दोन. एक ओळ खाली सरकले की दोघांनाही तीन-तीन. सगळे गणित तिथे मोडते. तिचे बरोबर होते, नियतकालिकाचे चूक होते, आणि मी दोघांच्या मध्ये चुकीच्या बाजूला उभा होतो.

तिने त्या नियतकालिकाला पोस्टकार्ड लिहिले. मी फक्त पत्ता घालून दिला. उत्तर आले नाही, दुरुस्तीही छापली गेली नाही. पुढच्या अंकात मूळ रचनेचे उत्तर छापून आले, जे ओळ सरकलेल्या त्या आकृतीला लागूच पडत नव्हते. आकृती चुकण्याबद्दल माझा राग नाही. छापखान्यात असे होतेच. पण सव्वाशे वर्षांपूर्वी ग्लासगोच्या संपादकांनी वाचकाचे म्हणणे आठवडाभरात छापले, आणि आमच्या मुलीचे कार्ड कुठे गेले ते कळलेच नाही, याची खंत अजून आहे.

त्या प्रकाराचा एक फायदा मात्र झाला. मुले रचना सोडवता सोडवता रचू लागली. एक ओळ सरकवल्याने बरोबरीची हार होते, तर एक घर डावीकडे सरकवल्याने काय होईल? प्यादे ए रांगेत नेले तर? रचना करण्याची रीत बहुधा उलटी असते. आधी शेवटचे दृश्य मनात येते, वजिराऐवजी हत्ती किंवा कोपऱ्यात कोंडलेला राजा, आणि मग एकेक चाल मागे जात सुरुवात शोधायची. मागे जाताना नवा मोहरा पटावर ठेवावा लागला, तर तो कशासाठी ठेवला याचे उत्तर देता आले पाहिजे. नियम एकच आणि तो कडक आहे: पांढऱ्याला उद्दिष्ट गाठण्याची एकच वाट असावी. दुसरी वाट निघाली की रचना बाद. महिनाभर केलेली मेहनत कोणीतरी दहा मिनिटांत मोडून दाखवतो. माझ्या स्वतःच्या वहीत एकोणीस रचना आहेत, त्यांतल्या चौदांवर लाल रेघ आहे. बहुतेक रेघा माझ्याच विद्यार्थ्यांनी मारलेल्या आहेत.

ही कला शहरात आणि क्लबातच वाढते असा समज असेल, तर तो खरा नाही. आधुनिक अखेरच्या डावाच्या रचनेचे जनक मानले जाणारे अलेक्सेई त्रोइत्स्की हे रशियातील वनखात्यात नोकरीला होते. आमच्याकडे टिपेश्वरच्या बाजूला जंगलात चौकीवर राहणारे वनरक्षक पाहतो तेव्हा मला त्यांची आठवण होते. दोन घोड्यांनी एकट्या राजाला जबरदस्तीने मात करता येत नाही, पण त्या राजाजवळ एक प्यादे असेल तर पुष्कळदा करता येते, हे कोडे त्यांनी तपशिलात उलगडले, आणि ते प्यादे कुठवर अडवले तर डाव जिंकता येतो ती रेषा आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. १९४२ साली लेनिनग्राडच्या वेढ्यात त्यांचा उपासमारीने मृत्यू झाला. आपल्याकडेही ही परंपरा परकी नाही. तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत ग्रंथातील बुद्धिबळाच्या स्थितींचे इंग्रजी पुस्तक १८१४ साली मुंबईत छापले गेले होते. १८४५ साली लंडनच्या मासिकात 'शागिर्द' या टोपणनावाने गाजलेले कोडेही दिल्लीहून टपालाने गेले होते. ते पाठवणारे लव्हडे नावाचे इंग्रज पाद्री होते आणि कोड्यात दोष होते, हे खरे, पण टोपणनाव तरी आपल्या बाजूचे होते. आणि मराठी वर्तमानपत्राचे म्हणाल, तर 'नवाकाळ'च्या संपादकांच्या घरातूनच वासंती, जयश्री आणि रोहिणी या तीन खाडिलकर भगिनी राष्ट्रीय विजेत्या झाल्या, आणि रोहिणी खाडिलकर १९८१ मध्ये आशियाई महिला विजेत्याही झाल्या.

कोणी म्हणेल की आता हे सगळे संगणकाने संपवले आहे. पटावर सातपर्यंत मोहरे असलेल्या स्थिती २०१२ सालीच मॉस्कोतील महासंगणकावर सोडवून झाल्या आहेत, आणि आज कोणतीही तशी स्थिती मोबाइलवर मांडली की जिंकणार, हरणार की बरोबरी, ते क्षणात कळते. यंत्राने जुन्या पंडितांनाही खोटे पाडले आहे. दोन उंटांविरुद्ध एकटा घोडा एका विशिष्ट ठिकाणी तळ ठोकून बरोबरी साधतो, असे १८५१ पासून मानले जात होते. १९८३ मध्ये अमेरिकी संगणकतज्ज्ञ केन थॉम्पसन यांच्या संगणकाने दाखवून दिले की दोन उंटच जिंकतात, फक्त काही स्थितींत त्यासाठी साठाहून अधिक चाली लागतात. पण यंत्र निकाल सांगते, कारण सांगत नाही. तलाठ्याच्या दाखल्यावर शेत किती आर आहे ते कळते, त्यात तूर का जळली ते कळत नाही, तसेच हे आहे. त्या मुलीने दोन पानांत जे लिहिले होते, ते मोबाइलने एका रंगीत खुणेत सांगितले असते आणि तिच्या हाती काही लागले नसते. मात्र संपादकांच्या टेबलावर या यंत्राचा उपयोग नक्की आहे: छापण्यापूर्वी स्थिती एकदा त्यात घालून पाहिली, तर एक ओळ खाली सरकलेला राजा लगेच पकडला जाईल.

म्हणून चौकट द्यायचे ठरवल्यास दोन-तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. मोहरे सातहून जास्त नसावेत, आणि आकृतीखाली प्रत्येक मोहऱ्याचे घर अक्षरांतही छापावे, म्हणजे आकृती चुकली तरी वाचक अडणार नाही. उत्तर पुढच्याच आठवड्यात न देता पंधरा दिवसांनी द्यावे. आमच्याकडे अंक सकाळच्या एस.टी.ने येतो, पण आमचे कार्ड आपल्यापर्यंत पोचायला आठवडा सहज जातो. व्हॉट्सअॅप क्रमांक जरूर द्यावा, पण पोस्टकार्डही स्वीकारावे, कारण ज्या मुलांकडे स्वतःचा फोन नाही त्यांचे उत्तर वडिलांच्या फोनची वाट पाहत राहते. वाचकाने चूक दाखवली आणि ती खरी निघाली, तर ती त्याच्या नावानिशी छापावी. आणि महिन्यातून एकदा एखाद्या विद्यार्थ्याची स्वतःची रचना घ्यावी, मग तिला पुढच्या आठवड्यात कोणी मोडून काढले तरी चालेल. मोबदल्याची अपेक्षा नाही. सुरुवातीच्या काही महिन्यांसाठी स्थिती निवडून, तपासून, उत्तरांसह पाठवण्याचे काम मी आनंदाने करीन.

नमुना म्हणून पहिल्या चौकटीसाठी एक स्थिती पाठवत आहे. ती जुनी आहे आणि खेळणाऱ्यांना पाठ असेल, पण सिसिलियन शिकायला आलेल्या त्या मुलाला ती सुटायला दोन संध्याकाळी लागल्या. पांढरा राजा डी२. काळा राजा डी४, काळे प्यादे डी३. पांढऱ्याची चाल, बरोबरी. राजाला मागे सरकायला तीन घरे आहेत, त्यांतले एकच बरोबर आहे. ते कोणते आणि उरलेली दोन का चालत नाहीत, हे या पत्रात मुद्दामच लिहिलेले नाही. छापण्यापूर्वी स्थिती एकदा ताडून घ्यावी, ही विनंती.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ